छताखालचं टेनिस: मरेचा लंडनमधला आठवडा आणि कोल्हापूरचं कोर्ट

मातीत घोटून तयार झालेला पैलवान पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा काय होतं, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. डाव तेच असतात, अंगातली रग तीच असते. पण पाय वेगळ्या तऱ्हेने अडतो, डोक्यावर सहा मिनिटांचं घड्याळ असतं, आणि मातीत हमखास बसणारी पकड मॅटवर निसटते. मोतीबाग किंवा गंगावेस तालमीत वर्षानुवर्षं मेहनत केलेल्या पोरालाही हा बदल अंगवळणी पाडून घ्यावा लागतो.

उघड्या कोर्टावरचं टेनिस आणि छताखालचं टेनिस यांत असंच अंतर आहे. नियम एकच. कोर्टही तेवढंच: 23.77 मीटर लांब, एकेरीसाठी 8.23 मीटर रुंद, जाळी मधोमध 91.4 सेंटीमीटर उंच. तरीही वर छत आलं की सामना कुठे जिंकला जातो आणि कुठे हातून जातो, त्या जागा बदलतात. टीव्हीवर बघताना वाटतं की एसी हॉल आहे, ऊन नाही, वारा नाही, म्हणजे सगळं सोपंच असणार. खेळणं सोपं होतं हे खरं. पण ते जाळीच्या दोन्ही बाजूंना सोपं होतं, आणि म्हणूनच जिंकणं अवघड होऊन बसतं.

हे नीट समजून घ्यायला 2016 सालची लंडनची एटीपी फायनल्स (एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) स्पर्धा घेऊ. वर्षातल्या पहिल्या आठ खेळाडूंची ही स्पर्धा तेव्हा ओटू अरीनात, पूर्ण बंदिस्त हॉलमध्ये व्हायची. अँडी मरेने ती जिंकली, पण त्या विजेतेपदाची वाट किती अरुंद होती हे नुसता निकाल वाचून कळत नाही.

एका सेकंदाचा टॉस

सर्व्हिससाठी वर उडवलेला चेंडू हातातून सुटल्यापासून रॅकेटला भेटेपर्यंत साधारण सेकंदभर हवेत असतो. ताशी 15 किलोमीटरचा वारा, म्हणजे आपल्याकडे दुपारी सहज सुटतो तेवढा, त्या एका सेकंदात 58 ग्रॅमच्या चेंडूला ढोबळ हिशेबाने 15 सेंटीमीटर बाजूला ढकलतो. रॅकेटचा तारांचा भाग जेमतेम 25 सेंटीमीटर रुंद असतो. मधोमध बसायचा तो चेंडू मग कडेला लागतो, सर्व्हिस जाळीत जाते नाहीतर लांब पडते. म्हणून वाऱ्यात अनुभवी खेळाडू टॉस कमी उंच ठेवतात आणि वेगावर थोडं पाणी सोडतात.

उन्हाचंही तसंच. उजव्या हाताने खेळणाऱ्याला एका टोकाकडून सर्व्हिस करताना सूर्य थेट डोळ्यांत येतो. दर विषम गेमनंतर बाजू बदलतात ती ऊन-वाऱ्याचा त्रास दोघांत सारखा वाटला जावा म्हणून. हॉलमध्येही बाजू बदलतात, पण तिथे बदलण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

छताखाली टॉस प्रत्येक वेळी तिथेच जातो आणि तिथेच सापडतो. चांगली सर्व्हिस असणारा खेळाडू तीन तास तीच सर्व्हिस करत राहू शकतो. उघड्यावर समोरच्याची लय वाऱ्यामुळे दोन-तीन गेम तरी बिघडेल अशी आशा असते. इथे ती आशा ठेवून चालत नाही.

छताचे स्वतःचे त्रासही असतात. उंच लॉब, म्हणजे समोरच्याच्या डोक्यावरून जाणारा चेंडू, मारला तर चेंडू दिव्यांच्या झोतात क्षणभर दिसेनासा होतो. चालू रॅलीत चेंडू छताला किंवा दिव्याला लागला तर ज्याने मारला त्याचा गुण जातो, म्हणून छत जाळीवर निदान नऊ मीटर उंच हवं. आवाजही घुमतो. चेंडू तारांवर कसा बसला हे खेळाडू कानाने ओळखतात, आणि प्रेक्षकांनी भरलेल्या हॉलमध्ये तो आवाज अर्धवटच पोचतो.

हॉल म्हणजे वेगवान कोर्ट, हा अर्धाच खरा समज

पूर्वी तो बराचसा खरा होता. युरोपातल्या हॉलमध्ये कार्पेट अंथरून खेळायचे. त्यावर चेंडू घसरत, खाली राहून यायचा आणि सर्व्हिस करणाऱ्याचं राज्य असायचं. 1996 साली हॅनोव्हरमध्ये, याच वर्षअखेरच्या स्पर्धेत, पीट सॅम्प्रसने बोरिस बेकरला अंतिम सामन्यात 3-6, 7-6, 7-6, 6-7, 6-4 असं हरवलं. पाच सेटपैकी तीन टायब्रेकमध्ये, म्हणजे 6-6 बरोबरीनंतरच्या निर्णायक डावात, गेले, यावरून कार्पेटवर सर्व्हिस भेदणं, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणं, किती कठीण होतं ते दिसतं. एटीपीच्या मुख्य स्पर्धांतून 2009 पासून कार्पेट गेलं.

आता बहुतेक हॉलमध्ये लाकडी फळ्यांचा तात्पुरता तळ जोडतात आणि त्यावर अॅक्रिलिक रंगाचे थर देतात. त्या रंगात बारीक वाळू मिसळलेली असते आणि कोर्टाचा वेग तिच्यावर ठरतो. वाळू भरड आणि जास्त असेल तर चेंडू टप्प्यावर अडतो, कोर्ट संथ होतं. वाळू बारीक आणि कमी असेल तर चेंडू सटकतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ कोर्टाचा वेग मोजून त्याचे पाच वर्ग करतो: 29 पर्यंतचा आकडा संथ, 45 च्या पुढचा वेगवान, मधे तीन पायऱ्या. म्हणजे आयोजकाला हवं तर तो छताखालीही संथ कोर्ट बनवू शकतो. त्यामुळे हॉलमध्ये खेळायला जाणाऱ्याने "इनडोअर आहे म्हणजे फास्ट असणार" असं गृहीत धरू नये. पहिल्या सरावात चेंडूचा टप्पा बघावा आणि मग ठरवावं.

फळ्यांच्या तळाची आणखी एक गंमत आहे. सांध्याच्या जागी तळ जरासा पोकळ वाजतो आणि एखाद्या ठिकाणी चेंडू कमी उसळतो. स्पर्धेआधीच्या सरावात खेळाडू कोर्टभर चेंडू टाकून बघतात ते याचसाठी.

पाच टक्क्यांचं गणित

छताखालचे सामने इतके घासून का होतात, याचं उत्तर एका साध्या हिशेबात आहे. तो एकदा कळला की सामना बघायची नजरच बदलते.

समजा एखादा खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसवर शंभरातले 60 गुण जिंकतो. तर तो आपली सर्व्हिस राखण्याची, म्हणजे तो गेम जिंकण्याची, शक्यता सुमारे 74 टक्के येते. 65 गुण जिंकत असेल तर 83 टक्के. 70 जिंकत असेल तर 90, आणि 75 ला जवळजवळ 95. गुणांतली पाच टक्क्यांची वाढ गेममध्ये फुगून येते, कारण गेम जिंकायला चार गुण आणि दोनची आघाडी लागते. ज्याचं पारडं थोडं जड, ते प्रत्येक गुणागणिक आणखी जड होत जातं.

आता सेटकडे या. दोघेही 83 टक्के गेम राखत असतील, तर पहिल्या बाराही गेममध्ये कुणाचीच सर्व्हिस भेदली न जाता 6-6 होण्याची शक्यता सुमारे 11 टक्के. दोघेही 90 टक्के राखत असतील तर तीच शक्यता 28 टक्के. वारा गेला, ऊन गेलं, दोघांनी सर्व्हिसवर पाच-पाच टक्के कमावले, की दर तीन-चार सेटमागे एक सेट थेट टायब्रेकच्या दारात जाऊन उभा राहतो.

टायब्रेक म्हणजे सात गुणांचा, दोनच्या फरकाने जिंकायचा डाव. पहिला खेळाडू एक सर्व्हिस करतो, त्यानंतर दोघे आळीपाळीने दोन-दोन करतात, आणि दर सहा गुणांनी बाजू बदलतात. दोघे तुल्यबळ असतील तर टायब्रेक नाणेफेकीच्या जवळ जातो. तासाभराची मेहनत मग एका दुहेरी चुकीवर किंवा जाळीला चाटून पलीकडे पडलेल्या चेंडूवर अडकते.

म्हणूनच छताखाली सर्व्हिसइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, मोल परतीच्या फटक्याला येतं. सर्व्हिस सगळ्यांचीच चालते. समोरच्याच्या सर्व्हिसवर शंभरातले 30 ऐवजी 35 गुण काढू शकणारा खेळाडू ते बंद दार किलकिलं करतो. मरे हा त्या काळातल्या सर्वोत्तम परतीच्या खेळाडूंपैकी एक होता, आणि लंडनमध्ये त्याला उपयोगी पडलं ते हेच.

आठ खेळाडू, आणि सोपी फेरी एकही नाही

नेहमीच्या स्पर्धेत वरच्या मानांकिताला पहिली फेरी हलकी मिळते, कधी पुढे चालही मिळते. एटीपी फायनल्समध्ये तसं नसतं. आठ खेळाडू, चार-चारचे दोन गट, गटात प्रत्येकाशी एक सामना. प्रत्येक गटातले पहिले दोघे उपांत्य फेरीत. साखळीतल्या प्रत्येक विजयाला 200 गुण, उपांत्य विजयाला 400, अंतिम विजयाला 500. एकही सामना न हरता विजेता झालात तर पूर्ण 1500.

साखळीमुळे एक पराभव पचवता येतो. 2023 मध्ये, ही स्पर्धा तुरिनला असताना, नोव्हाक जोकोविच साखळीत यानिक सिनरकडून हरला होता. पुढे सिनरनेच होल्गर रूनला हरवल्यामुळे जोकोविच उपांत्य फेरीत पोचला आणि अंतिम सामन्यात त्याच सिनरला 6-3, 6-3 असं हरवून मोकळा झाला. आपल्याकडे साखळी सामन्यांची फुटबॉल स्पर्धा बघणाऱ्याला ही आकडेमोड नवी नाही: आपला निकाल दुसऱ्याच्या निकालावर टांगलेला असतो.

मरेच्या वेळी आणखी एक ओझं होतं. त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो पहिल्यांदाच जागतिक क्रमवारीत अव्वल झाला होता आणि लंडनला आला तेव्हा जोकोविचच्या फक्त 405 गुणांनी पुढे होता. दोघेही अपराजित राहून अंतिम सामन्यात भेटले तर हरणाऱ्याला 1000 आणि जिंकणाऱ्याला 1500 मिळणार होते. 500 चा फरक 405 ची आघाडी पुसून टाकायला पुरेसा होता. म्हणजे वर्षअखेरचा पहिला क्रमांक कुणाचा, हे त्या एका सामन्यात ठरणार होतं. आणि झालं नेमकं तसंच.

सोमवार ते रविवार

सोमवारी, 14 नोव्हेंबरला, मारिन चिलीच. मरेने 6-3, 6-2 असा सरळ निकाल लावला. चिलीच उंच, सर्व्हिस जड, पण त्या दिवशी लय सापडली नाही आणि मरेने त्याला ती सापडू दिली नाही.

बुधवारी केई निशिकोरी. इथे खरी कसोटी सुरू झाली. निशिकोरी उंचीने लहान, पण चेंडू उसळत असतानाच, म्हणजे टप्पा पडताच, घेतो. बेसलाइनला, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेला, चिकटून उभा राहतो आणि समोरच्याचा वेळ खातो. वारा नसलेल्या हॉलमध्ये हे तंत्र जास्तच चालतं, कारण टप्पा कुठे पडणार आणि किती उसळणार हे आधी कळतं. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला आणि निशिकोरीने तो 11-9 असा घेतला. पुढचे दोन्ही सेट मरेने 6-4, 6-4 असे काढले, पण सामना 3 तास 20 मिनिटं चालला. तीन सेटचा सामना! उघड्यावर इतक्या वेळात पाच सेटचे कितीतरी सामने उरकतात. लांबण्याचं कारण रॅली: दोघेही चेंडू परत करण्यात पटाईत आणि चुका क्वचित करणारे असले की एकेक गुण वीस-वीस फटक्यांवर जातो, आणि ड्यूस (40-40 अशी बरोबरी), अॅडव्हान्टेज, परत ड्यूस असं चालू राहतं.

शुक्रवारी स्टॅन वॉवरिंका, 6-4, 6-2. साखळीतले तिन्ही सामने जिंकून मरे गटात पहिला आला. पण मधली विश्रांती इथे संपली. शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन दिवस खेळायचे होते.

शनिवारी उपांत्य सामना मिलोस राओनिचशी. कॅनडाचा, सहा फूट पाच इंच उंच, आणि सर्व्हिस त्या काळातल्या सर्वांत जड सर्व्हिसपैकी एक. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याच वर्षी मरेने त्याला 6-4, 7-6, 7-6 असं हरवलं होतं. तिथेही शेवटचे दोन सेट टायब्रेकमध्येच गेले होते हे लक्षात घ्या. ताशी 200 किलोमीटरची सर्व्हिस, वेग जराही कमी झाला नाही असं धरलं, तर 0.43 सेकंदात कोर्टाच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. हवेने आणि टप्प्याने वेग उतरतो म्हणून परतणाऱ्याला थोडं जास्त मिळतं, साधारण अर्धा सेकंद. त्यातला पाव सेकंदाच्या आसपासचा वेळ डोळ्यांनी बघण्यात आणि मेंदूने ठरवण्यातच जातो. उरलेल्यात पाऊल आणि रॅकेट.

राओनिचने पहिला सेट 7-5 घेतला. दुसरा सेट टायब्रेकमध्ये मरेकडे, 7-5. तिसरा पुन्हा टायब्रेकमध्ये. तिथे राओनिचकडे मॅच पॉइंट आला. एक गुण, आणि मरेची स्पर्धा संपली असती, वर्षअखेरचा पहिला क्रमांकही धोक्यात आला असता. मरेने तो वाचवला आणि टायब्रेक 11-9 असा जिंकला. वेळ 3 तास 38 मिनिटं, या स्पर्धेतल्या तीन सेटच्या सामन्यांमधला तोवरचा सर्वांत लांबलेला.

निकाल पुन्हा वाचा: 5-7, 7-6, 7-6. मरेचे गेम 19, राओनिचचेही 19. अडतीस गेममध्ये दोघांत शून्य फरक, आणि एक जण अंतिम सामन्यात.

आणखी एक हिशेब करण्यासारखा आहे. संपूर्ण आठवड्यात मरे तीन टायब्रेक खेळला: निशिकोरीशी 9-11, राओनिचशी 7-5 आणि 11-9. एकूण 52 गुण. त्यातले मरेचे 27, समोरच्यांचे 25. या बावन्न गुणांमधले दोन-तीन उलट पडले असते तर आज या स्पर्धेच्या यादीत 2016 समोर दुसरंच नाव दिसलं असतं. घासून जिंकणं म्हणजे काय, ते या 27-25 मध्ये आहे.

त्याच शनिवारी जोकोविचने निशिकोरीला 6-1, 6-1 असं 66 मिनिटांत उडवलं. एकाचे पाय साडेतीन तास चाललेले, दुसरा जेमतेम घामाघूम झालेला. त्यात जोकोविच सलग पाचव्यांदा ही स्पर्धा जिंकायला उतरला होता आणि दोघांमधल्या आधीच्या 34 सामन्यांपैकी 24 त्याने जिंकले होते.

रविवारी, 20 नोव्हेंबरला, मरेने 6-3, 6-4 असा सामना जिंकला. दुसऱ्या सेटमध्ये 4-1 अशी आघाडी असताना जोकोविचने मरेची एक सर्व्हिस भेदली, पण मरेने पुढच्या सर्व्हिस राखल्या. दमलेल्या माणसाने ताज्याला कसं हरवलं? एक कारण तंत्रातलं आहे. थकलेला खेळाडू उगीच लांब रॅलीत अडकला तर बुडतो. मरेने चेंडूची लांबी टिकवून धरली, बेसलाइनच्या आत ठेवून पण खोल, आणि जोकोविचला चुका करायला भाग पाडलं. दुसरं कारण सवयीचं. व्हिएन्ना, पॅरिस, लंडन अशा सलग तीन बंदिस्त स्पर्धांत, जेमतेम चार आठवड्यांत, तो छताखाली 13 सामने खेळला आणि तेराही जिंकला. हॉलचा उजेड, टप्पा, आवाज सगळं त्याच्या अंगात मुरलेलं होतं. डेव्हिस चषकातला एक आणि बीजिंग, शांघायचे धरून हा त्याचा सलग 24 वा विजय होता. दुहेरीत त्याच वर्षी थोरला भाऊ जेमी, ब्राझीलच्या ब्रुनो सुआरेसबरोबर, वर्षअखेरची अव्वल जोडी ठरला, म्हणजे एकेरी-दुहेरीचा मान एकाच घरात आला.

पुढची गोष्टही सांगायला हवी. 2017 मध्ये मरेचा खुबा दुखावला आणि जानेवारी 2019 मध्ये त्याच्या खुब्याच्या सांध्यावर धातूचं आवरण बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. त्याच ऑक्टोबरमध्ये तो अँटवर्पला पुन्हा छताखालचीच स्पर्धा जिंकला, अंतिम सामन्यात वॉवरिंकाला 3-6, 6-4, 6-4 असं हरवून. पहिला सेट गेल्यावर मागून येऊन.

कोल्हापुरातल्या पोरानं हॉलमध्ये जायचं असेल तर

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातली ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या 14 वर्षांखालील स्पर्धेत खेळली, तेव्हापासून आपल्याकडच्या पालकांचे प्रश्न वाढले आहेत. त्यातला एक नेहमीचा: बाहेरगावी किंवा परदेशात बंदिस्त हॉलमध्ये स्पर्धा असेल तर इथे उघड्या कोर्टावर तयारी कशी करायची?

आधी हवेबद्दल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ, म्हणून चेंडूला अडथळा कमी आणि तो थोडा लांब जातो. मुंबईसारख्या ठिकाणी तोच फटका किंचित आखूड पडतो. रॅकेटच्या तारांचा ताण एक-दोन पौंड कमी केला की चेंडू थोडा खोल जायला लागतो. त्याहून जास्त बदलू नका, नाहीतर हाताचा अंदाज सुटतो.

पावसाळ्यात उलटी अडचण. दमट हवेमुळे चेंडू जड होतो असं सगळे म्हणतात, पण कारण हवेत नसतं. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा जराशी हलकीच असते. चेंडूवरची लोकर ओल शोषते, फुगते, आणि चेंडू जड व संथ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोरडा चेंडू मिळणंच मुश्कील असतं. त्या दिवसांत उघड्यावर सराव करून नंतर हॉलमध्ये गेलेल्या मुलाला चेंडू अचानक हलका आणि पळता वाटतो आणि पहिले तीन-चार गेम सगळं बाहेर जातं. उपाय साधा आहे: स्पर्धेआधीच्या आठवड्यात सराव नव्या, कोरड्या चेंडूंवरच करा. डबा उघडल्यावर चेंडू छातीच्या उंचीपासून टाकून बघा. नियमाप्रमाणे 254 सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू 135 ते 147 सेंटीमीटर उसळायला हवा, म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. निम्म्यापर्यंतही येत नसेल तर तो सरावातून काढून टाका.

पावसात बॅडमिंटनचा हॉल कामाला येतो. टेनिसचं पूर्ण कोर्ट तिथे मावत नाही, त्याची गरजही नाही. दिव्यांखाली टॉसचा सराव करा, रोज 50 टॉस. सर्व्हिस न मारता चेंडू पुढच्या पायापुढे एक फुटावर पडतो का ते बघा. 50 पैकी 40 तिथे पडले की समजायचं टॉस जागेवर आला. बूट डाग न पाडणाऱ्या तळाचेच घाला, नाहीतर लाकडी फरशीवाले आत घेणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

परतीच्या फटक्यासाठी एक जुनी युक्ती आहे जी फार कमी ठिकाणी करताना दिसते. सर्व्हिस करणाऱ्याला बेसलाइनवरून पुढे, बेसलाइन आणि जाळीच्या मधल्या सर्व्हिस लाइनवर उभं करा. तिथून परतणाऱ्याच्या बेसलाइनपर्यंतचं अंतर 18.29 मीटर, म्हणजे पूर्ण कोर्टाच्या 77 टक्के. ताशी 110 किलोमीटरची सर्व्हिस तिथून आली तर परतणाऱ्याला मिळणारा वेळ ताशी 143 किलोमीटरच्या सर्व्हिसएवढा असतो. दहा-दहा सर्व्हिसचे चार फेरे पुरे. यात मुलं हमखास एक चूक करतात: घाबरून मागे सरकतात आणि रॅकेट पाठीमागे लांब नेतात. मागे जाऊ देऊ नका. रॅकेट खांद्याच्या रेषेपर्यंतच न्यायची, आणि समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्याच क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी. उडी उशिरा झाली तर मनगट सावरायला जातं आणि चेंडू जाळीत बसतो.

टायब्रेकचा सराव कोणी वेगळा करत नाही, ही आपल्याकडची मोठी उणीव आहे. सराव सामना 0-0 ने सुरू करू नका. 4-4 ने करा, किंवा थेट टायब्रेकमध्ये 5-5 ने. दोन गुणांमध्ये 25 सेकंद मिळतात. ते घड्याळ लावून पाळा. मुलं पिछाडीवर पडली की हा वेळ वापरतच नाहीत, दहा सेकंदांत पुढची सर्व्हिस टाकून मोकळी होतात.

पायांकडे विशेष लक्ष द्या. मातीच्या किंवा धूळ असलेल्या कोर्टावर थांबताना पाय थोडा घसरतो आणि ती घसरण गुडघ्याचा धक्का खाऊन टाकते. हॉलमधल्या स्वच्छ अॅक्रिलिकवर बूट जागच्या जागी रुततो. तिथे मोठं पाऊल टाकून थांबणाऱ्याचा घोटा मुरगळतो. चेंडूजवळ पोचताना शेवटची तीन पावलं लहान करायची सवय निदान दोन आठवडे आधीपासून लावा.

आणि सलग दिवशी सामने असतील तेव्हाचं खाणं. एसीत घाम लगेच वाळतो, त्यामुळे तहान कळत नाही, पण पाणी तितकंच गेलेलं असतं. सामन्याआधी आणि नंतर मुलाचं वजन करा. अर्धा किलो उतरलं असेल तर पुढच्या काही तासांत पाऊण लिटर पाणी, चिमूटभर मीठ घालून, थोडं थोडं करत जायला हवं. पहिल्या तासात शरीराच्या दर किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ हवेत. 50 किलोच्या मुलाला एक मोठं केळं आणि एक वाटी दहीभात एवढ्यात ते भागतं. तांबडा रस्सा त्या रात्री नको. तेल आणि तिखट पचायला वेळ लागतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा सामना असेल तर पोट जड राहतं. स्पर्धेतला शेवटचा सामना झाला की मग खुशाल, पांढऱ्यासकट.